ठाण्याच्या फ्लॅटमध्ये जेंबे : जानेवारी ते ऑक्टोबरच्या नोंदी

१४ जानेवारी

आधी स्वतःबद्दल सांगते, म्हणजे पुढच्या चुका का झाल्या ते कळेल. लहानपणी तबल्याच्या दोन परीक्षा दिल्यात, कॉलेजात असताना दोन सीझन ढोलपथकात होते, त्यानंतर पंधरा वर्षं कुठल्याही वाद्याला हात नाही. ठाण्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट. आता शिकतेय जेंबे, म्हणजे हाताने वाजवायचा पश्चिम आफ्रिकेतला ढोल. क्लास लावलेला नाही, जे काय ते व्हिडिओ बघून घरीच. तुम्हालाही असंच घरी शिकायचं असेल तर माझे पैसे आणि वेळ कुठे गेला ते बघून ठेवा.

पहिली चूक डिसेंबरातली. दुकानातून २,४०० ला एक जेंबे आणला, रंगीत ठिपक्यांची नक्षी, दिसायला एकदम गोड, तोंड आठ इंच. घरी आणून दोन्ही हात ठेवले तर बोटं एकमेकांवर चढायला लागली. तो शोभेचा, नाहीतर लहान मुलांचा. मोठ्या माणसाला तोंड बारा-तेरा इंची आणि उंची साधारण दोन फूट पाहिजे. तो भाच्याला देऊन टाकला, आज जुना बारा इंची घेतला ७,५०० ला. विकणारा म्हणाला गिनीवरून आलाय. घरी येऊन आत मोबाईलचा टॉर्च मारला तर आतून तुळतुळीत, लेथवर फिरवलेला. गिनी-मालीकडचा असता तर एका खोडातून हाताने कोरलेला असता आणि आत हत्याराचे घाव दिसले असते, लाकूडही तिकडच्या लेंके झाडासारखं जड असतं. हा बहुतेक इंडोनेशियाचा महोगनी. असू दे, कातडं बकऱ्याचं आहे, ताण दोरीचा आहे, शिकायला पुरेसा आहे.

२१ जानेवारी

आठवडाभर बेस निघतच नव्हता. मधोमध पंजा मारला की पिंपावर मारल्यासारखा ठप्प आवाज. मला वाटलं जोर कमी पडतोय, म्हणून अजून जोरात मारलं, तळहात लालबुंद. कारण काय तर मी जेंबे फरशीवर सरळ उभा ठेवून वाजवत होते. खालचं तोंड फरशीने बंद, मग बेस बाहेर येणार कुठून? आता खुर्चीच्या कडेवर बसते, जेंबे दोन मांड्यांमध्ये धरून पुढे कलता करते म्हणजे खालची एक बाजू उचलली जाते. पहिल्याच थापेला कपाटाची काच थरथरली. एवढ्याशा गोष्टीपायी सात दिवस गेले.

आणि अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. मी एक अंगठी ठेवली होती, काठावर बारीक चर पडलाय.

४ फेब्रुवारी

आवाज तीनच, बेस, टोन आणि स्लॅप. ऐकायला किती सोपं वाटतं. बेस म्हणजे पूर्ण पंजा आत. टोन म्हणजे बोटं जुळलेली, सपाट, तळव्याची वरची गादी काठावर, अंगठा बाहेर. स्लॅपला पंजा साधारण तिथेच पण बोटं सैल, किंचित फाकलेली, आणि शेवटी फक्त टोकं चाबकासारखी लागतात. टोन गोल यायला हवा, स्लॅप फटाक्यासारखा.

बोल मात्र लगेच पाठ झाले, तबल्याची कृपा. उजव्या-डाव्या हाताने बेस गुन-दुन, टोन गो-दो, स्लॅप पा-ता. ही बोलांची पद्धत नायजेरियाच्या बाबातुंदे ओलातुंजी यांच्यामुळे पसरली, त्यांनी अमेरिकेत आयुष्यभर शिकवलं. ते स्वतः योरुबा, म्हणजे जेंबेच्या मूळ मुलखातले नव्हेत. जेंबे मांदे लोकांचा, गिनी आणि मालीतला. पण बोल सोयीचे आहेत, मी ओट्याशी उभी राहूनही म्हणते.

अडचण तबल्याचीच आहे. माझं बोट एकटं पुढे येतं, तर्जनी काठावर मारून 'ना' हा बोल वाजवायची सवय. जेंबेला सगळा पंजा एक होऊन यावा लागतो. माझा टोन म्हणजे सध्या अर्धवट ना.

११ फेब्रुवारी

हात सुजला. उजव्या तर्जनीच्या मुळाशी निळं पडलंय, मूठ पूर्ण मिटत नाही. सहा दिवस बंद. मी रोज दीड तास वाजवत होते आणि स्लॅप निघत नाही म्हणून जोर वाढवत होते. नवरा म्हणाला, अगं पथकात नाहीयेस तू आता. दुखायचं दुसरंही एक कारण होतं पण ते जुलैपर्यंत लक्षात आलं नाही, तिथे लिहिते.

आता वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी, आणि दुखलं की थांबायचं.

२५ फेब्रुवारी

फोनवर रेकॉर्ड करून ऐकायला लागले तर टोन आणि स्लॅप अगदी सारखे. चार दिवस प्रचंड निराश. मग एका रेकॉर्डिंगमध्ये मागे कुकरची शिट्टी होती तीसुद्धा माझ्या बोलण्याएवढीच ऐकू आली तेव्हा ट्यूब पेटली. फोनचा साधा रेकॉर्डर मोठा आवाज आपोआप दाबतो आणि छोटा वर आणतो, माणसाचं बोलणं नीट यावं म्हणून. ड्रमसाठी तो कुचकामी. ज्यात आवाजाची पातळी हाताने लॉक करता येते असं ॲप टाकलं, फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. आता फरक कळतो. थोडाच आहे पण आहे.

खात्री करायला नवऱ्याला पाठमोरं बसवलं. वीस थापा, टोन की स्लॅप ओळख. अकरा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं.

१० मार्च

आई साताऱ्याहून आलीये. मी वाजवत असताना दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं आता आवाजाबद्दल बोलणार, तर म्हणते, "तुझा हात चिकटतोय. पीठ कमी घेतल्यासारखा."

मला आधी कळेना. मग तिने खुर्चीशेजारच्या टेबलावर भाकरी थापून दाखवली, नुसतीच, पिठाशिवाय. हात खाली जातो आणि टेकला की लगेच वर, जराही रेंगाळत नाही, रेंगाळला तर पीठ हाताबरोबर येतं आणि भाकरी फाटते. मी टोन मारून हात कातड्यावर तसाच ठेवत होते, पाव सेकंद असेल, पण तेवढ्यात कातड्याची कंपनं माझाच हात मारून टाकत होता. सगळ्या व्हिडिओत सांगतात उसळू द्या, उसळू द्या, मी ते मान डोलावत ऐकलेलं. हात मात्र आईच्या एका वाक्याने उचलला गेला.

त्या दिवशी पहिल्यांदा टोन गोल आला. सलग तीन, मग परत ठप्प, पण तीन आले. स्लॅपचंही तेच गणित निघालं, जोर लावून येत नाही, मनगट सैल सोडून येतो. घट्ट हाताने कितीही मारा, तो मोठा टोनच होतो.

२८ मार्च

खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. रागावले नाहीत, फक्त म्हणाले दुपारी माझी झोप होत नाही. लाजच वाटली.

उपाय बरेच केले. आत टॉवेल कोंबला, बेस कमी झाला पण बाकी तसंच. कातड्यावर ओढणी टाकली, आवाज मेला आणि त्याबरोबर टोन-स्लॅपचा फरकही मेला, म्हणजे सरावाला काही अर्थच नाही. उशीवर वाजवून बघितलं, उशी हात परत देत नाही, आठवड्यात पुन्हा चिकटायची सवय लागली, तो प्रकार सगळ्यात वाईट. शेवटी जमलं ते असं. खाली जाड सतरंजी आणि तिच्यावर योगा मॅट, कारण निम्मा त्रास फरशीतून खाली जातो. स्लॅप-टोनचा खरा सराव संध्याकाळी पाच ते पावणेसहा, आजोबांना विचारून ठरवलेली वेळ. बाकी वेळ फक्त बोल आणि मांडीवर हात.

१४ एप्रिल

पहिली साथ, म्हणजे मुख्य वादकामागे फिरत राहणारा ठरलेला तुकडा. आठ खणांची, चार ठोक्यांच्या कितीतरी तालांत चालते :

पा - - ता - दो गो -

रिकाम्या खणातही हात हवेत आळीपाळीने चालूच ठेवायचे, उजवा डावा उजवा डावा, म्हणजे कुठला बोल कुठल्या हाताचा हा प्रश्नच येत नाही. मी ते न करता बोल येईल तसा जो हात मोकळा तो मारत होते. हळू लयीत चालतं, वेग वाढला की गुंता. पुन्हा मेट्रोनोम (ठरलेल्या लयीत टिकटिक देणारं ॲप) ६० वर ठेवून पहिल्यापासून. दहा दिवस गेले.

१२ मे

गेला महिनाभर मी सम चुकीच्या जागी धरून वाजवत होते.

दो गो हे दोन टोन लागोपाठ येतात, कानाला वजनदार वाटतात, त्यामुळे माझ्या तबल्याच्या कानाने तीच सम धरली. एकटीने वाजवताना काहीच बिघडत नाही, चक्र फिरत राहतं. कुकूचं रेकॉर्डिंग लावून त्याच्याबरोबर वाजवायला गेले तेव्हा सगळं तिरकं. कुकू म्हणजे गिनीच्या दक्षिणेकडचा, बेयलाच्या बाजूचा ताल, मासेमारीहून परतणाऱ्या बायकांच्या नाचाचा. रेकॉर्डिंगमध्ये बायका टाळ्या देतायत ते माझ्या समेवर कुठेच पडत नाही.

चूक होण्याचं मूळ कारण म्हणजे घरी एकटा जेंबे. गिनीत जेंबेची साथ हा मोठ्या चित्राचा एक तुकडा. खाली तीन डुनुन असतात, दोन्ही बाजूंना गाईचं कातडं मढवलेले ढोल, काठीने वाजवायचे. केन्केनी सगळ्यात लहान, सांगबान मधला, डुनुनबा मोठा. तालाचा चेहरा त्यांच्यात असतो, विशेषतः सांगबानमध्ये. मुख्य जेंबेवाला वरून नाचणाऱ्याशी बोलतो, आणि साथीचा जेंबे ठरलेलं वाजवत राहतो. मी त्या साथीलाच ताल समजत होते, म्हणजे फक्त टाळ ऐकून अभंग ओळखायचा प्रकार.

गिनीतल्या कुरूसाच्या बाजूला तीन माणसं तीन डुनुन वाजवतात, प्रत्येकाकडे शिवाय लोखंडी घंटा. बॅलेच्या पद्धतीत एकच माणूस तिन्ही उभे करून वाजवतो. बॅले म्हणजे १९५२ साली फोदेबा केइता यांनी सुरू केलेलं नाचगाण्याचं पथक, ले बॅले आफ्रिकेन, १९५८ ला गिनी स्वतंत्र झाल्यावर ते राष्ट्रीय पथक झालं, आणि जेंबे जगभर गेला तो बराचसा अशा पथकांतून. जेंबेवादक ममादी केइता अशाच एका पथकातून पुढे आले, नंतर देशोदेशी शिकवत फिरले, २०२१ मध्ये गेले. आपण घरबसल्या ज्या साथी शिकतो त्यातल्या कितीतरी अशा शिकवण्यांतून आल्यात.

माझे डुनुन : पाण्याचं निळं पिंप आणि एक बादली, काठी म्हणून पथकातलं जुनं टिपरू. घंटा म्हणून देवघरातली घेतली तर सासूबाईंनी नुसतं बघितलं, परत ठेवली. आता जुना तवा दोरीने खुर्चीला टांगलाय आणि उलथन्याने वाजवते. सांगबान आधी पिंपावर पाठ करायचा, रेकॉर्ड करून लूप लावायचा, मग त्यावर जेंबे. तीन आठवडे जेंबेला हात न लावता पिंप वाजवलं. ढोलपथकातलं एवढं एक कामाला आलं.

१६ जून

पाऊस सुरू आणि जेंबेचं पोतं झालं. स्लॅप गायब, टोनच्या जागी बेस. कातडं हवेतलं पाणी पितं, आपली ढोलकीही पावसात उतरते, तेच. तिकडे वाजवायच्या आधी शेकोटीजवळ धरून कातडं तापवतात. मी हेअर ड्रायर लावला. दहा मिनिटं चढलेलं टिकतं, पंधरा मिनिटांनी पुन्हा पोतं.

मग दोरी ओढायचं ठरवलं. उरलेली मोकळी दोरी दोन उभ्या दोऱ्यांखालून घालायची, परत मागे एकीवरून आणायची आणि ओढायची, त्या दोघी एकमेकींवर पलटतात, कट्ट आवाज होतो. अशा एका ओळीत एकेक गाठ. हातमोजे घाला, माझ्या करंगळीची साल गेली. सहा गाठी ओढल्या, आवाज मस्त चढला, मी खूश.

३० जून

रात्री दोनला घरात फटाका फुटल्यासारखा आवाज. सगळे उठले. जेंबेचं कातडं काठाजवळून हातभर फाटलेलं.

चूक सरळ आहे. ओलसर, सैल कातड्यावर मी दोरी ओढत गेले, पावसाळ्यातल्या सुरावर जुळवून. काल रात्री फार उकडत होतं म्हणून जेंबे ज्या खोलीत तिथेच एसी लावला. हवा कोरडी झाली, कातडं आवळलं, आणि आवळायला जागाच नव्हती. पावसात आवाज उतरलेला सहन करा किंवा ज्या दिवशी ओढाल त्याच दिवशी वाजवून झाल्यावर थोडं सैल करा.

७ ते २८ जुलै

नवीन कातडं चढवायचं प्रकरण. नोंदी एकत्र करतेय कारण मधे मधे नुसती वाट बघणं होतं.

तबले-ढोलकी दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. ते म्हणाले, "वादीचं काम सांगा, हे दोरीचं तुमचं तुम्ही बघा," पण केसांसकट बकऱ्याचं कच्चं कातडं दिलं, ६०० ला. पाठीच्या कण्याची रेघ बोटाने चाचपून दाखवली, म्हणाले ही बरोबर मधून जाऊ दे.

रात्रभर बादलीत भिजवलं. सकाळी कातडं जेंबेवर पसरून त्यावर एक कडं, कातड्याची कड त्यावरून वर दुमडून बाहेरून दुसरं कडं, मग खालच्या तिसऱ्या कड्याशी दोरीने नागमोडी विणत जायचं. दोरी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नायलॉनची आणली, २८० ची. आणि रेघ मधून जात नाहीये हे अर्धं विणून झाल्यावर दिसलं, आता कोण उसवणार म्हणून तसंच पुढे रेटलं. शिवाय लवकर वाळावं म्हणून पाऊस थांबल्यावर गॅलरीत उन्हात ठेवलं. निकाल : एक बाजू टणक, दुसरी लोंबती, आणि दोरी रोज ताणत जाते. ओढा, दुसऱ्या दिवशी सैल, ओढा, सैल. नायलॉन रबरासारखं लांबतं, जेंबेला न ताणणारी पॉलिस्टरची दोरी लागते. सगळं काढलं. ६०० आणि २८० पाण्यात.

कातडं उतरवलेलं असताना काठावरून बोट फिरवलं आणि फेब्रुवारीतल्या सुजेचं कोडं सुटलं. काठ धारदार होता, एका बाजूला तर चक्क कोपरा. प्रत्येक टोनला तळव्याची गादी त्या धारेवर आपटत होती, आणि जुनं कातडं फाटलं तेही नेमकं तिथेच. पॉलिश पेपरने तीन संध्याकाळ घासून काठ गोल केला, आधी खरखरीत मग बारीक, बोट अडकायचं बंद होईपर्यंत. तुम्ही जुना जेंबे घेत असाल तर कातड्यावरूनच काठ चाचपून बघा, रंग आणि नक्षी नंतर.

दुसऱ्यांदा : नवीन कातडं ६००, पाच मिलिमीटरची पॉलिस्टर दोरी ऑनलाइन १,१००. रेघेच्या दोन्ही टोकांना पेनाने खुणा केल्या. पहिल्या फेरीत फक्त हाताने ताण दिला, वरचं कडं काठापासून दोन बोटं खाली येईपर्यंत, कारण ते वर राहिलं तर थाप कड्यावर बसते. मग घरातच पंख्यापासून लांब आठ दिवस, झाकण नाही, ऊन नाही. वाळल्यावर रेझरने केस काढले, एका जागी पातं आडवं गेलं आणि ओरखडा पडलाय, वरवरचा आहे पण नजर सारखी तिथेच जाते. त्यानंतर उभ्या दोऱ्या तीन वेळा ओढल्या, मधे एकेक दिवस सोडून.

२८ ला वाजवला. काठ लागत नाही हाताला. एवढ्यासाठी साडेपाच महिने दुखवून घेतलं.

१८ ऑगस्ट

सहा खणांची साथ सुरू केली :

पा - - ता गो दो

हात सोपे आहेत पण मी वाजवलं की भावगीताची साथ वाटते. धा धि ना, धा ति ना. मी खणाला मात्रा समजून सहा मोजत होते. तिथे मोजायचे दोनच ठोके, पा वर आणि ता वर, बाकीचं त्यांच्या पोटात. पायाने दोन द्यायला लागले तेव्हा दादरा सुटला.

तरी कोरडंच. मेट्रोनोमवर अगदी बरोबर बसतं आणि तरी रेकॉर्डिंगशी जुळत नाही. राइनर पोलाक नावाच्या अभ्यासकांनी मालीची राजधानी बमाकोतलं जेंबेवादन मोजून दाखवलंय की ठोक्याच्या आतले तुकडे मुळात सारखे नसतात, कुठला आखूड कुठला लांब, आणि ते चुकून होत नाही, तालाचा तो भागच आहे. म्हणजे मी सहा महिने ॲपकडून शिकलेली समानता आता विसरायची. मेट्रोनोम फक्त हात जुळवायला ठेवलाय, तालासाठी आता फक्त रेकॉर्डिंगबरोबर वाजवते, एकाच आठ सेकंदांच्या तुकड्यावर, पुन्हा पुन्हा.

मधे कस्सा ऐकत होते, गिनीतला शेतीच्या कामाचा ताल, कापणीला वादक शेतात जातात. आईला फोनवर ऐकवला, ती म्हणाली आमच्याकडे भलरी म्हणायचे तसं का. हो, तसंच. आजीच्या तोंडची एक ओळ तिला आठवत होती, ती तिने म्हटली, चाल विसरली होती.

९ सप्टेंबर

सोसायटीच्या गणपतीत आरतीला जेंबे आण म्हणाले. नको म्हणायला हवं होतं. पंचवीस-तीस झांजा, एक ताशा आणि मी. दमट हवेने आवाज उतरलेला, स्लॅप नाही, मग ऐकू यावं म्हणून जोर. घालीन लोटांगणपर्यंत उजव्या मधल्या बोटाच्या पेरावर रक्ताचा फोड. पाच दिवस बंद. प्रसादाचे मोदक मात्र चांगले होते.

२० ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या उन्हाने कातडं इतकं चढलं की टोनसुद्धा टिणटिण. जूनची आठवण ठेवून दोन गाठी सोडल्या, रात्री एसीच्या खोलीत ठेवत नाही.

पाठमोरी परीक्षा पुन्हा घेतली. उजवा हात वीसपैकी अठरा, डावा वीसपैकी बारा. डावा स्लॅप अजून टोनच्या पोटात आहे, मनगट घट्ट होतं, मला ते होताना दिसतं पण थांबवता येत नाही. रोजची पहिली दहा मिनिटं फक्त डावा.

खर्च : पहिला जेंबे २,४००, दुसरा ७,५००, दोन कातडी १,२००, नायलॉन २८०, चांगली दोरी १,१००, पॉलिश पेपर आणि रेझर १५०. एकूण १२,६३०, त्यातले ३,२८० निव्वळ वाया.

रविवारी चुलतभाऊ येतोय, त्याला बादलीवर केन्केनीचा ठोका देऊन बसवायचंय, लूपऐवजी जिवंत माणूस. तो लय पळवतो हे माहितीये. आजोबांना पाच ते सहा सांगून ठेवलंय.